लोखंडाची चिंधी

"एका हातानं चालंल का, तेवढं सांगा."

एवढंच विचारलं हुतं मी. लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानदारानं मला वरनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "वैनी, बारा एमेम कापतंय बघा. चाळीस अँपियर. वर्साची गॅरंटी."

"बारा न्हाय, बावीस कापू दे. एका हातानं चालतंय का?"

"कुणाच्या हातानं?"

"तुमच्या न्हाय."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. कळंब्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठावं हाय. ब्लाऊज शिवायला टाकून वर मलाच कटिंग शिकवणाऱ्या बायकांना मी कापडासकट परत लावलंय. पण त्या दिवशी चिडून चालणार नव्हतं. मला लोखंड कापायचं मशीन घ्यायचं हुतं, आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

आमचे मालक चमन. तीस वर्सं गॅसकटर चालवला माणसानं. आधी उद्यमनगरात दुसऱ्याच्या वर्कशॉपला, मग घरामागं पत्र्याची शेड ठोकून स्वतःचं काम. गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या फळ्या, जे येईल ते. गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झटका आला. पाय महिन्याभरात चालायला लागला, तोंड वाकडं झालं न्हाय, अल्लाची मेहरबानी. डावा हात मात्र गेला तो गेलाच. खांद्यापासनं नुसता लोंबतोय. आणि गॅसकटरला दोन हात लागत्यात. एका हातात टॉर्च, म्हणजे ज्योतीची नळी, दुसऱ्यानं तिला आधार, आणि त्यातच चाव्या फिरवून ज्योत बारीक-मोठी करायची.

डॉक्टर म्हणाले, बोलायला काहीच अडचण न्हाय. पण माणूस बोलायचंच थांबलं. "च्या घेताय?" "हं." "डाळ घालू का?" "हं." सात महिनं आमच्या घरात दोनच आवाज हुते, माझं शिलाई मशीन आणि ह्यांचं हं. मग एक दिवस शेडला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कात्रीशेजारी आणून ठेवली आणि म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव. सगळंच घेऊन जाऊ दे."

सात महिन्यांत बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते. शेड गेली की हा माणूस त्या खाटेवरनं परत उठायचा न्हाय, हे मला दिसत हुतं. मी म्हटलं, "बकरीद होऊ दे, मग बोलवते."

पुण्याला आमची तहरीम नर्सिंग करते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अम्मी, प्लाझ्मा कटर म्हणून असतंय. गॅस लागत न्हाय, हवेवर आणि विजेवर चालतंय. टॉर्च एका हातात मावतीय." तिनं व्हिडिओ पाठवले. मी हुक लावता लावता पन्नास-एक तरी बघितले असतील. सगळे बोलणारे पुरुष, आणि सगळे दोन्ही हात वापरणारे. एकानंबी सांगितलं न्हाय की दुसरा हात नसला तर काय हुतंय. मला मग चैनच पडंना. भिशीचा नंबर लागलाच हुता, चाळीस हजार. म्हटलं, आपणच जाऊन बघू. ह्यांना पत्ता लागू द्यायचा न्हाय.

आता मशीन बघायला जायचं म्हणजे काहीतरी कापून बघायला नको का? अस्तर आणायला जाताना मी मॅचिंगला कापडाची चिंधी नेते, तशी लोखंडाची चिंधी न्यायची असं ठरवलं. ह्यांचा दुपारी डोळा लागल्यावर शेड उघडली. तुकडे ढीगभर, पण एक उचलंल तर शपथ. शेवटी दारावर तारंनं टांगलेली एक पाटी दिसली. वहीच्या पानाएवढी, करंगळीच्या जाडीची, वर भोक पाडून तार ओवलेली. लग्नाला चोवीस वर्सं झाली, ती तिथंच बघतेय. मला वाटायचं, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून वजन लावलंय. तार धरून न्यायला बरी म्हणून तीच काढली. पिशवीत घातली आणि केएमटीची बस पकडली.

तर लक्ष्मीपुरीतला तो दुकानदार. पाटी त्याच्यापुढं ठेवली. तिच्या तीन कडा सरळ हुत्या, खालची मात्र नागमोडी, उंदरानं कुरतडल्यागत. मी म्हटलं, "आधी ही वाकडी कड सरळ करून द्या, मग मी बघते." काठ सरळ केल्याशिवाय कापडाला कात्री लावत न्हाय मी, सवयच हाय. त्यानं काळा गॉगल चढवला, मला एक दिला, आणि चर्रर्र करून दोन बोटांची पट्टी उडवली. पट्टी दिली भंगाराच्या डब्यात टाकून. मी खूश. काय काठ निघाला!

"आता मी करते," म्हटलं. डावा हात पाठीमागं घेतला आणि टॉर्च धरली. त्याचं मशीन स्वस्तातलं, बावीस हजाराचं. त्यात टॉर्चचं टोक लोखंडाला टेकवून घासायचं, तवा ठिणगी पडते, आणि लगेच केसभर वर उचलून तेवढंच अंतर राखत सरकायचं. एक हात अधांतरी. मी टेकवलं की चिकटायचं, उचललं की विझायचं. पाच वेळा झालं. दुकानदार हसायला लागला. मी गॉगल त्याच्या हातात दिला आणि पाटी पिशवीत घालून बाहेर पडले.

दुसरं दुकान उद्यमनगरात. तिथलं मशीन गोदरेजच्या कपाटाएवढं. मालकानं स्वतः उजवी कड कापून दाखवली, लोण्यागत कापलं. मला मोह झाला. मग विचारलं, "घरातल्या लायटीवर चालंल न्हवं?" तो म्हणाला, "थ्री फेज घ्यायला लागंल." आमच्या घरात आणि शेडात मिळून एकच फेज, त्यावरच माझं शिलाई मशीन आणि इस्त्री. तरी अर्धा तास बसून त्याला विचारत राहिले. हवा लोखंड कापती म्हणजे नेमकं काय करती? त्यानं सांगितलं, वीज आणि हवा सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातनं एकदम बाहेर काढायची, मग ती हवा हवा राहतच न्हाय, सूर्यागत तापती. लोखंड वितळवती आणि वितळलेलं खाली ढकलूनबी देती. मला लई नवल वाटलं. चोवीस वर्सं ह्यांचा डबा भरला, पण तुम्ही लोखंड कापताय म्हणजे काय करताय, हे एकदाबी विचारलं न्हाय. त्याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिसरं दुकान. पृथ्वीराज नावाचा तिशीतला माणूस. मी तोच प्रश्न केला. तो हसला न्हाय. म्हणाला, "मावशी, कोण चालवणार हाय?"

तवा पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. झटका, हात, भंगारवाला, सगळं. सांगता सांगता रडू आलं, मेलं कुठंबी येतंय. त्यानं पाणी दिलं आणि आतनं एक मशीन आणलं. बटण दाबलं की ह्याची ठिणगी टोकातच पेटते, लोखंडाला घासायची गरज न्हाय. आणि टॉर्चला पुढं दोन चाकं लावली, खेळण्यातल्या गाडीला असत्यात एवढीच. म्हणजे उचलून धरायला नको. टेकवायची आणि ढकलायची. रेघ सरळ जावी म्हणून पाटीवर चुंबकाची पट्टी बसवली, तिच्या कडंला चाक लावलं.

"हात बांधा," मी म्हटलं. "न्हायतर माझा डावा हात आपसूक मदतीला येतोय." त्यानं माझ्याच ओढणीनं माझा डावा हात कमरेला बांधला. दुकानातलं गिऱ्हाईक बघत बसलं. बघू देत! बटण दाबलं. ठिणगी बघून मी घाबरले, जागीच थांबले, मग निघाले. चाकं चालली की! डावी कड खाली पडली तशी मी ओरडले, "कापलं!" माझ्या हातानं लोखंड कापलं हुतं, आणि तेबी एका हातानं. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं.

किंमत छत्तीस हजार. म्हटलं, "उद्या येते."

घरी आले. चार वाजले असतील. ह्यांची खाट मागच्या दाराशीच. पिशवी कट्ट्यावर टेकवायला गेले आणि आतनं पाटी निसटली. फरशीवर ठाणकन आवाज झाला. ह्यांनी मान वळवली. पाटीकडं बघितलं. मग शेडच्या दाराकडं बघितलं, तिथं नुसता खिळा.

"हे कुणी कापलं?"

मी पाटी उचलायला वाकले.

"शमशाद, हे कुणी कापलं म्हणतोय मी! खालची कड कुठाय? माझी कड कुठाय?"

बाई गं! असला आवाज सात महिन्यांत ऐकला नव्हता. शेजारचा यल्लाप्पा पंक्चरचं काम सोडून कुंपणापाशी आला. मला भीतीबी वाटत हुती आणि, खरं सांगते, आत कुठंतरी लई बरंबी वाटत हुतं. माणूस ओरडत हुतं म्हणजे जिवंत हुतं.

"वाकडी हुती म्हणून काढायला लावली," मी म्हटलं.

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. उजवा.

मग कळलं. हे अठरा वर्सांचे असताना अबुजर उस्तादांच्या हाताखाली लागले. वर्सभर नुसतं झाडू आणि च्या. मग एक दिवस उस्तादांनी टॉर्च हातात दिली. ह्यांनी पहिल्यांदा लोखंड कापलं, आणि ते असं नागमोडी आलं. सगळे हसले. उस्तादांनी त्या पाटीला वर भोक पाडलं आणि म्हणाले, पहिला कट विकायचा न्हाय, फेकायचा न्हाय. दारावर टांगायचा. येता-जाता बघायचा. त्या वर्कशॉपात प्रत्येकाचा टांगलेला असायचा म्हणं. आणि मी, ब्लाऊजवाली, त्याचा काठ सरळ करून आले हुते.

"मला सांगितलं का न्हाय कधी?" मी म्हटलं.

"तू विचारलंस कधी?"

मी खाली बसले आणि रडले. भोकाड पसरून रडले. "माफ करा," म्हटलं, "मला वाटलं दाराचं वजन हाय."

मग बघते तर ह्यांनी पाटी मांडीवर घेतलेली. अंगठा खालच्या कडंवरनं फिरवत हुते. "ही कुठली?"

"लक्ष्मीपुरी."

"खाली थेंब लोंबल्यात. ताकद न्हाय मशीनला." पाटी फिरवली. "ही चांगली. पण मोठं मशीन असणार."

"थ्री फेजचं."

"मग काय उपयोग." पुन्हा फिरवली. डाव्या कडंवर अंगठा आला आणि थांबला. लई वेळ थांबला. "हे दुकानातल्या माणसाचं काम न्हाय. इथं सुरवातीला थांबलंय कोणतरी, म्हणून खड्डा पडलाय. भ्यालंय. पण पुढं सरळ गेलंय." वर बघितलं. "कुणी कापलं?"

"मी."

"तू?"

"मी. एका हातानं. डावा ओढणीनं बांधून घेतला हुता." आणि मग एकदाचं बोलून टाकलं. "मला बघायचं हुतं तुम्हाला जमतंय का. मला तुम्ही असे पडून राहिलेले बघवत न्हाय. भंगारवाल्याला मी बोलवणार न्हाय. आज न्हाय, बकरीदीनंतरबी न्हाय. काय करायचं ते करा."

हे पाटी उशाशी ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपले. मला वाटलं, संपलं. होतं नव्हतं तेबी घालवलं मी.

सकाळी च्या घेऊन गेले तर ह्यांच्या पायात चपला.

"रिक्षा बोलव."

"कुठं? भंगारवाल्याकडं?"

"माझा कट आणायला."

लक्ष्मीपुरीतला दुकानदार नुकता शटर वर करत हुता. ह्यांना बघून म्हणाला, "या पावणं, काय देऊ?"

"भंगाराचा डबा दाखवा."

तो माझ्याकडं बघाय लागला. मी म्हटलं, "दाखवा म्हणत्यात तर दाखवा की." डबा पिंपाएवढा, आणि पट्ट्या दोनशे तरी असतील. ह्यांनी तिथंच फरशीवर बैठक मारली आणि एका हातानं एकेक पट्टी काढायला सुरवात केली. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "तुला ओळखू येणार न्हाय." खरंच हुतं ते. मी उभी राहिले. चोवीस वर्सांत ह्या माणसाकडं मी एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं.

अर्ध्या तासानं एक पट्टी वर आली. "ही."

"कशावरनं, पावणं?" दुकानदारानं विचारलं. "वाकड्या तर पन्नास हायत ह्यात."

ह्यांनी एका जागी नख लावलं. तिथं कड अचानक वर उडी मारून खाली आलेली. "हितं मला शिंक आली हुती."

दुकानदार खो खो हसला. आणि हे... हेबी हसले. मी तोंड वळवून रस्त्याकडं बघत राहिले.

मला वाटलं आता घरी. पण रिक्षात बसता बसता म्हणाले, "तू कापलंस ते दुकान कुठाय?"

पृथ्वीराजनं खुर्ची पुढं केली. "बसा, चाचा." हे बसले न्हायत. मशीनभोवती दोनदा फिरले. पाठीमागचा पाइप बघितला, टॉर्चचं टोक काढायला लावून उन्हात धरून बघितलं. "हवेत पाणी आलं तर हे टोक खाऊन टाकणार."

"बरोबर," पृथ्वीराज म्हणाला. "राधानगरीकडचं गिऱ्हाईक त्याचीच तक्रार करतंय. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज खालनं सोडायचं, आणि मधे पाणी धरणारी बाटली बसवायची. ती मी देतो. कंप्रेसर हाय का?"

"यल्लाप्पाचा जुना हाय. टाकीत त्याच्या मासं पाळता येतील एवढं पाणी. मी बघतो ते." सलग तीन वाक्यं! मी मोजत हुते. "टोकं घरात किती ठेवायला लागतील? किती कापलं की बदलायचं? चाकं झिजली तर मिळतील का?" प्रश्नावर प्रश्न. माझ्या पन्नास व्हिडिओत एकानं विचारले नव्हते असले प्रश्न. पृथ्वीराजबी उत्साहानं सांगत हुता. मग त्यानं एक कोरी पाटी टेबलावर घट्ट केली आणि टॉर्च पुढं केली.

ह्यांनी गॉगल चढवला. डावा हात खिशात नीट ठेवला, उजव्या हातानं उचलून. टॉर्च घेतली. चुंबकाची पट्टी बघितली आणि म्हणाले, "ती काढ."

"चाचा, पहिल्यांदा पट्टी असू दे."

"काढ म्हणतोय न्हवं. पहिल्यांदाच हात कसा चालतोय ते कळायला पायजे."

बटण दाबलं. चाकं निघाली, जरा डावीकडं गेली, जरा उजवीकडं, मधे एक हेलकावा, आणि कापलेली पट्टी ठण्णकन खाली पडली.

वाकडी. पार नागमोडी. तीस वर्सं गॅसकटर चालवलेल्या माणसाची ती कड. म्हटलं, आता टॉर्च ठेवणार, घरी जाऊन भिंतीकडं तोंड करणार. माझ्याच्यानं बघवंना. पृथ्वीराजबी खाली बघत हुता.

ह्यांनी गरम पट्टी पकडीनं उचलली. खिशातनं जुनी पट्टी काढली, एकोणीस वर्सांच्या चमनची. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"शिंक न्हाय आली ह्या टायमाला," म्हणाले. मग पृथ्वीराजला म्हणाले, "दोन्हींना वर भोक पाडून दे."

मशीन दुसऱ्या दिवशी टेंपोतनं घरी आलं. आता शेडच्या दारावर तीन लोखंडं टांगलीयत. ह्यांची पहिली पट्टी, ह्यांची दुसरी पहिली पट्टी, आणि माझी डावी कड असलेली पाटी. ती नको म्हणत हुते मी, लाज वाटत हुती. तर म्हणाले, "पहिला कट हाय तुझा. फेकायचा नसतोय."

कळंबा तलावावरनं वारा सुटला की तिन्ही एकमेकांवर आपटत्यात, ठण ठण ठण, दिवसभर. ब्लाऊजची मापं लिहिताना डोकं उठतंय नुसतं. पण काढून ठेवा म्हणायची माझी छाती न्हाय.